घरातील उपकरणांसाठी रिचार्जेबल सेल कसे निवडावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिचार्जेबल सेलविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला निवडीचे साधे प्रश्न आहेत आणि पुढे अपवादांचे. एकाच गोष्टीचा दोनदा खुलासा करण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुकानात ‘पेन्सिल सेल’ मागितला की कधी जाड मिळतो, कधी बारीक. आमच्या उपकरणाला कोणता लागतो हे कसे ओळखावे?

घरात प्रामुख्याने दोन मापे लागतात. भिंतीवरचे घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि बरीचशी खेळणी यांना डबल-ए लागतो. त्याचा व्यास १४.५ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ५० मिलिमीटर असते. टीव्ही व एसीचे रिमोट आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यांना बहुधा ट्रिपल-ए, म्हणजे १०.५ मिलिमीटर व्यासाचा बारीक सेल लागतो. ‘पेन्सिल सेल’ हे नाव दोन्हींसाठी वापरले जात असल्याने जुना सेल बरोबर नेणे किंवा सेलच्या खणात कोरलेले माप वाचून जाणे चांगले. रिचार्जेबल सेल नेमक्या याच मापांत मिळतात.

२. रिचार्जेबलमध्येही निकेल, लिथियम असे प्रकार दिसतात. सर्वसाधारण घराने कोणता घ्यावा?

निकेल-मेटल हायड्राइड. पुढे सोयीसाठी त्याला ‘निकेल सेल’ म्हटले आहे. तो शेकडो वेळा भरता येतो, चुकीच्या वापरातही सहसा पेट घेत नाही आणि त्याचे चार्जर सहज मिळतात. निकेल-कॅडमियम हा जुना प्रकार आता घेऊ नये, कारण कॅडमियम हा विषारी धातू आहे आणि त्याची क्षमताही कमी असते. लिथियमच्या १.५ व्होल्ट सेलला काही ठिकाणी निश्चित उपयोग आहे; त्याविषयी प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिले आहे.

३. घरातले सगळेच सेल बदलून रिचार्जेबल करावेत का?

नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेकांची निराशा याच ठिकाणी होते. हौसेने बारा सेलचा संच आणला जातो, त्यातले निम्मे घड्याळांत आणि रिमोटमध्ये जातात आणि वर्षभरानंतर ‘यात काही फायदा नाही’ असा निष्कर्ष निघतो. रिचार्जेबल सेलचा मोबदला तो किती वेळा भरला जातो यावर मिळतो. जो सेल वर्षातून एकदाच चार्जरमध्ये जाणार आहे, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

भिंतीवरचे घड्याळ इतका अल्प विद्युतप्रवाह घेते की साधा झिंक-कार्बन सेल त्यात वर्षभर सहज चालतो. तेथे साधाच सेल ठेवावा. याउलट मोटर असलेली खेळणी, वायरलेस माउस, गेमचा कंट्रोलर, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज वापरायचा टॉर्च आणि लहान मुलांच्या गाण्याच्या पुस्तकासारखी दिवसभर वाजणारी वस्तू यांचे सेल लवकर उतरतात. मोटर आणि फ्लॅश यांना एकदम जास्त प्रवाह लागतो. साधा झिंक-कार्बन सेल तो देताना लवकर थकतो, पण निकेल सेल तो सहज पुरवतो.

रिमोटचे प्रकरण मधले आहे. पैशांच्या हिशेबाने तेथे रिचार्जेबल परवडत नाहीत, परंतु विसरलेला साधा सेल पाझरून रिमोट खराब होण्याची भीती त्यामुळे बरीच कमी होते. आमच्या घरी एसीच्या रिमोटमध्ये मी याच कारणासाठी निकेल सेल घातले आहेत, कारण पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्या रिमोटकडे कोणी पाहतही नाही.

४. साधा सेल १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल १.२ व्होल्टचा. मग उपकरण मंद चालणार नाही का?

बहुतेक उपकरणे व्यवस्थित चालतात. सेलवर छापलेले १.५ व्होल्ट हे नव्या सेलचे असतात. साधा किंवा अल्कलाइन (साध्यापेक्षा जास्त टिकणारा, पण पुन्हा न भरता येणारा) सेल वापरात आला की त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सतत उतरत जातो आणि पूर्ण संपेपर्यंत तो ०.९ व्होल्टच्या आसपास येतो, त्यामुळे बरीच उपकरणे १ व्होल्टपर्यंत काम करतील अशीच बनवलेली असतात. निकेल सेल ताजा भरल्यावर सुमारे १.४ व्होल्ट दाखवतो, लवकरच १.२ ते १.२५ वर येतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेथेच टिकून राहतो. म्हणजे वापराच्या उत्तरार्धात त्याचा दाब अल्कलाइनपेक्षा अधिक असतो.

एक परिणाम मात्र जाणवतो. उपकरणातील सेलची पातळी दाखवणारी खूण साध्या सेलच्या उतरत्या दाबावरून ठरवलेली असते. निकेल सेल भरलेला असतानाही ती खूण अर्धीच दिसू शकते आणि नंतर सेल जवळजवळ अचानक संपतो. माउससाठी ही क्षुल्लक गोष्ट आहे. दाराच्या कुलपासाठी नाही. त्याचा विचार प्रश्न १४ मध्ये आहे.

५. सेलवर लिहिलेला ‘एमएएच’चा आकडा जितका मोठा तितका सेल चांगला का? काही सेलवर ४,००० पेक्षा जास्त लिहिलेले असते.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर, अर्थात सेलमध्ये किती विद्युतभार साठतो त्याचे माप. निकेल प्रकारातील चांगला डबल-ए १,९०० ते २,६०० च्या दरम्यान असतो आणि ट्रिपल-ए ७५० ते १,००० च्या आसपास. डबल-ए निकेल सेलवर ३,००० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर तो खोटा समजावा. त्या आकाराच्या डबीत तेवढा माल मावतच नाही.

खात्री करून घेण्याचा एक घरगुती मार्ग आहे. स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर सेल ठेवून पाहावा. २,००० एमएएचचा चांगला डबल-ए निकेल सेल साधारण २६-२७ ग्रॅम भरतो आणि २,५०० चा ३० ग्रॅमच्या आसपास. एकदा माझ्यासमोर ‘४,८००’ छापलेला, चकचकीत वेष्टनातला सेल काट्यावर ठेवला, तेव्हा आकडा १७ वर थांबला. हातात घेतल्यावरही तो पोकळ वाटत होता. (ही परीक्षा केवळ निकेल सेलची आहे. लिथियम सेल मुळातच हलका असतो.)

खऱ्या आकड्यांतही मोठा आकडा नेहमी हिताचा नसतो. २,५०० च्या वर्गातील सेल सामान्यतः काही शे वेळा भरता येतात, तर १,९००-२,००० च्या वर्गातील चांगल्या सेलसाठी उत्पादक दीड-दोन हजार फेऱ्यांचा दावा करतात. हे दावे प्रयोगशाळेतील परिस्थितीचे आहेत आणि घरात तेवढे आयुष्य क्वचितच मिळते, पण दोन वर्गांमधला फरक खरा आहे. फोटोग्राफीच्या फ्लॅशसाठी मोठ्या क्षमतेचा सेल घ्यावा, बाकी घरासाठी मधल्या क्षमतेचा पुरेसा आहे.

६. चार्ज करून कपाटात ठेवलेले सेल महिन्याभराने उतरलेले मिळतात. सेल खराब आहेत का?

ते बहुधा जुन्या पद्धतीचे निकेल सेल आहेत. असे सेल न वापरताही महिन्याला २० ते ३० टक्के भार गमावू शकतात, आणि उन्हाळ्यातील उष्णतेत हे प्रमाण आणखी वाढते. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने ‘एनेलूप’ नावाने पडून असताना भार फारसा न गमावणारे निकेल सेल बाजारात आणले. त्यानंतर इतरांनीही तसे सेल बनवले. हे सेल वर्षभर नुसते पडून राहिले तरी साधारण ७० ते ८५ टक्के भार टिकवतात.

खरेदी करताना वेष्टनावर ‘रेडी टू यूज’, ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ यांपैकी काही लिहिले आहे का ते पाहावे. दोन सेलमधून एकच निवडायचा असेल तर एमएएचच्या आकड्यापेक्षा या शब्दांना मी अधिक महत्त्व देईन. पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि टॉर्च हातात घेतला, तर तो त्या क्षणी लागला पाहिजे.

७. चार्जरवर खर्च करावा का? साधा, रात्रभर लावून ठेवायचा चार्जर चालणार नाही का?

माझ्या मते सेल थोडे स्वस्तातले घेतले तरी चालतील, चार्जर चांगला घ्यावा. सेल अकाली मरण्याचे पहिले कारण चार्जरच असतो.

साधा चार्जर सेल किती भरला आहे याचा विचार करत नाही. तो ठरावीक वेळ प्रवाह देत राहतो, आणि त्यातल्या अनेकांत ती वेळ मोजण्याचीही सोय नसते. अर्धा भरलेला सेल त्यात लावला तर तो पूर्ण भरल्यावरही प्रवाह आत जातच राहतो, त्याची उष्णता होते आणि सेल आतून सुकत जातो. शिवाय असे चार्जर सहसा दोन-दोन सेलची जोडी एकत्र भरतात, त्यामुळे एक सेल जास्त उतरलेला असेल तर तो अर्धवट राहतो आणि दुसरा गरजेपेक्षा जास्त भरला जातो.

स्मार्ट चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासतो. निकेल सेल पूर्ण भरताच त्याचा दाब किंचित खाली येतो. हा उतार ओळखून चार्जर त्या खणातला प्रवाह थांबवतो. घेताना प्रत्येक खणासाठी स्वतंत्र दिवा किंवा स्वतंत्र आकडा आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा निवड बरोबर होते. २,००० एमएएचचा सेल तीन ते पाच तासांत भरणारा चार्जर घरासाठी योग्य आहे. तासाभरात भरणारे चार्जर सेल बरेच तापवतात. भरताना सेल कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण बोट ठेववत नसेल इतका तापला तर तो लगेच काढावा.

८. अमेरिकेतील नातेवाइकांनी सेल आणि चार्जर आणून दिला आहे. आपल्याकडे लावू का?

सेल निःशंक वापरावेत. चार्जर लावण्यापूर्वी त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘१००-२४० व्होल्ट’ असे लिहिले असेल तर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. नुसते ‘१२० व्होल्ट’ असेल तर तो आपल्या २३० व्होल्टला लावताच जळेल. पिन बदलल्याने व्होल्ट बदलत नाहीत.

९. नवा सेल पहिल्यांदा बारा तास चार्ज करावा आणि नंतर दर वेळी पूर्ण संपवूनच भरावा, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

दोन्ही समज जुन्या काळातले आहेत. पूर्ण संपवून भरण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम सेलसाठी होता, कारण ते अर्धवट वापराने क्षमता कमी दाखवू लागत. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा दोष नगण्य आहे आणि अर्धा उतरलेला सेल भरायला काहीच हरकत नाही. उलट सेल अगदी निपचित होईपर्यंत पिळून काढणे त्याला अपायकारक आहे. टॉर्च मंद झाला की सेल काढावेत, तो विझेपर्यंत थांबू नये. स्मार्ट चार्जर असेल तर पहिल्या वेळीही तास मोजण्याची गरज नाही.

१०. हल्ली थेट मोबाईलच्या वायरने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. ते निकेलपेक्षा चांगले नाहीत का?

काही ठिकाणी आहेत. या सेलच्या आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल आणि त्याचा दाब १.५ व्होल्टवर आणणारे सर्किट असते. त्यामुळे शेवटपर्यंत १.५ व्होल्टच मिळतात. १.२ व्होल्टवर कुरकुर करणाऱ्या उपकरणांसाठी हा चांगला उपाय आहे.

अडचणी तीन आहेत. सेल संपताना कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडतो. आतील सर्किटमुळे रेडिओत, विशेषतः मीडियम वेव्हवर, खरखर येऊ शकते. आकाशवाणी ऐकण्यासाठी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये कधीही लावू नयेत, त्यांच्या स्वतःच्या वायरने किंवा त्यांच्याच चार्जरमध्ये भरावेत.

त्यांच्यावरील आकडाही नीट वाचावा. पुष्कळदा तो एमएएचमध्ये नसून मिलीवॅट-अवरमध्ये असतो. ३,००० मिलीवॅट-अवरला १.५ ने भागले की २,००० एमएएच मिळतात. म्हणजे मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात निकेल सेलच्या बरोबरीचाच असतो.

११. डबल-एच्याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मिळाला. टॉर्चमध्ये घातला तर जास्त उजेड पडेल ना?

घालू नये. त्या मापाच्या सेलला १४५०० म्हणतात आणि तो खणात अचूक बसतो, हाच धोका आहे. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे साध्या सेलच्या जवळजवळ तिप्पट. ज्या टॉर्चवर हा सेल चालतो असे स्पष्ट लिहिले आहे, तो अपवाद सोडला तर उपकरण जळण्याचीच शक्यता अधिक.

१२. चारपैकी एकच सेल बसलेला दिसतो. तेवढाच बदलला तर चालेल का?

चालवू नये. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांतून सारखाच प्रवाह जातो. एक सेल आधी संपला की उरलेले तीन त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्या सेलचे अग्र उलटे भारित होतात आणि तो कायमचा निकामी होतो. साधा व रिचार्जेबल, जुना व नवा, किंवा दोन वेगळ्या क्षमतांचे सेल एकत्र घालू नयेत, ते याच कारणासाठी.

यावर सोपा उपाय म्हणजे सेल आणल्या दिवशीच त्यांच्यावर न पुसणाऱ्या मार्करने जोडीचे अक्षर आणि महिना लिहिणे. आमच्या खणातील सेलवर ‘क’, ‘ख’, ‘ग’ लिहिलेले आहे आणि ‘क’ची चौकडी एकत्रच उतरते, एकत्रच भरली जाते.

१३. यात खरोखर पैसे वाचतात का?

उपकरणावर अवलंबून आहे. मुलाच्या मोटारीला दर पंधरवड्याला चार साधे सेल लागतात असे धरू. वर्षाचे १०४ सेल होतात. सेल १५ रुपयांचा धरला तरी १,५६० रुपये. चार निकेल सेल आणि स्मार्ट चार्जर यांना मिळून अडीच हजार रुपये लागले, तर दीड-पावणेदोन वर्षांत पैसे फिटतात आणि चार्जर पुढे इतर सेलसाठीही उपयोगी पडतो. रिमोटला वर्षात दोन साधे सेल, म्हणजे ३० रुपये लागतात. तेथे हा हिशेब कधीच जुळणार नाही.

विजेचा खर्च विचारात घेण्याइतका नसतो. एका डबल-ए सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास ऊर्जा मावते. वाया जाणारी वीज धरून चार सेल एकदा भरायला १६ ते २० वॅट-तास लागतात. दहा रुपये युनिट धरले तरी हा खर्च वीस पैशांपर्यंतच जातो.

१४. रक्तदाबाचे यंत्र, दाराचे डिजिटल कुलूप आणि गॅस गिझर यांत रिचार्जेबल सेल चालतील का?

येथे उपकरणाबरोबर आलेली माहितीपुस्तिका अंतिम मानावी. तरीही सर्वसाधारण कल अशी आहे.

रक्तदाबाच्या यंत्राला बहुधा चार डबल-ए लागतात. दंडपट्टी फुगवणाऱ्या पंपाला जोराचा प्रवाह लागत असल्याने निकेल सेल त्यात चांगले काम करू शकतात, पण काही यंत्रे ४.८ व्होल्टला लवकरच ‘सेल कमी’ अशी खूण दाखवतात. पुस्तिकेत अल्कलाइनच वापरा असे म्हटले असेल तर तेच वापरावेत. आजारी माणसाच्या मोजमापात प्रयोग नको.

डिजिटल कुलपाला अल्कलाइनच घालावेत. कुलूप सेल संपत आल्याची सूचना दाबाच्या उतारावरून देते, आणि प्रश्न ४ व १० मध्ये सांगितल्याप्रमाणे रिचार्जेबल सेल ती सूचना वेळेवर मिळू देत नाहीत. आई-वडील घरी एकटे असतील तर हा धोका मुळीच पत्करू नये.

गॅस गिझरमध्ये बहुधा दोन मोठे, म्हणजे डी मापाचे सेल असतात. तीनऐवजी २.४ व्होल्ट मिळाल्यास ठिणगी कमजोर पडते आणि गिझर पेटण्यास त्रास देऊ शकतो. सेल महिनोन्‌महिने टिकत असल्याने तेथे चांगले साधे सेलच सोयीचे.

१५. ट्रिपल-ए आणि डबल-ए सोडून इतर मापांचे काय?

डी मापाचे अनेक स्वस्त रिचार्जेबल सेल म्हणजे मोठ्या डबीत बसवलेला डबल-एच असतो. त्यावर २,५०० च्या आसपास आकडा दिसेल. खऱ्या डी सेलवर ८,००० ते १०,००० असतो आणि तो हातात जड लागतो. चौकोनी ९ व्होल्टच्या निकेल सेलची क्षमता सुमारे २०० एमएएच इतकीच असते आणि काहींचा दाब प्रत्यक्षात ८.४ व्होल्ट असतो. श्रवणयंत्रातील झिंक-एअर बटण सेल चार्ज होत नाहीत. सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या नाणेसेलऐवजी त्याच मापाचा, पण ३.६ व्होल्टचा रिचार्जेबल सेल घालू नये. हे चपटे सेल लहान मुलांनी गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते, म्हणून संशय जरी आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

१६. बागेतील सौर दिवा आणि कॉर्डलेस फोन यांत आधीच रिचार्जेबल सेल होते. बदलताना कोणता घ्यावा?

त्यांत निकेल सेलच घालावेत. ही उपकरणे सेल स्वतः भरतात, म्हणून साधा सेल घातला तर तो पाझरेल. सौर दिव्यासाठी जुन्या सेलवर छापलेल्या क्षमतेच्या जवळपासचा, बहुधा ६०० एमएएचच्या आसपासचा सेल पुरतो. छोटे सौरपटल दिवसभरात २,५०० चा सेल भरूच शकत नाही.

१७. साधे सेल चार्जरमध्ये भरता येतात का? आमच्याकडे आजोबा रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे आणि ते पुन्हा चालायचे.

आजोबांचा अनुभव खरा आहे. ऊब मिळाली की झिंक-कार्बन सेलमधील रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते आणि उरलासुरला भार बाहेर येतो. सेल भरला जात नाही, फक्त शिल्लक निघते, आणि असा सेल पाझरण्याची शक्यता वाढते. रिचार्जेबल सेल उन्हात ठेवू नयेत. उष्णतेने त्यांचे आयुष्य घटते. साधा सेल चार्जरमध्ये लावल्यास आत वायू साठून तो पाझरतो किंवा फुटतो.

१८. चार्जर एखादा सेल ओळखतच नाही. तो फेकून द्यावा का?

लगेच नको. फार दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या निकेल सेलचा दाब इतका खाली जातो की स्मार्ट चार्जर तो नाकारतो. काही चार्जरमध्ये ‘रिफ्रेश’ची सोय असते, ती एकदा वापरून पाहावी. त्यानंतरही सेल भरल्यावर दोन दिवसांत आपोआप उतरत असेल किंवा भरताना नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर त्याचे आयुष्य संपले. लिथियम सेल फुगला असेल तर त्याच्यावर कोणताही प्रयोग करू नये.

१९. रिमोटमध्ये सेल पाझरून पांढरी भुकटी आणि हिरवट थर जमला आहे. रिमोट वाचेल का?

अनेकदा वाचतो. अल्कलाइन सेलमधून पाझरणारे द्रव्य क्षारधर्मी असते. हातमोजे घालून सेल काढावा, कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून स्प्रिंग हळूहळू पुसावी, नंतर स्पिरिटने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावे. झिंक-कार्बन सेलचे द्रव्य आम्लधर्मी असते, तेथे खाण्याचा सोडा लावलेली ओलसर काडी वापरावी. हिरवट थर तांब्याच्या संयुगाचा असतो. तो खरवडून गेल्यावर खालचा धातू चकाकला तर रिमोट पुन्हा चालण्याची चांगली शक्यता असते.

२०. खरेदी करताना कोणती खूण पाहावी आणि जुने सेल कोठे द्यावेत?

भारतात विकल्या जाणाऱ्या निकेल आणि लिथियम या दोन्ही प्रकारच्या रिचार्जेबल सेलना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी बंधनकारक आहे. वेष्टनावर मानकाच्या क्रमांकाबरोबर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो.

सेलवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र तो घरच्या कचऱ्यात टाकू नये असे सांगते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शहरांत ई-कचरा संकलन केंद्रे आणि काही इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने असे सेल घेतात. तोपर्यंत ते प्लास्टिकच्या कोरड्या डब्यात साठवावेत, आणि लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना डब्यात टाकण्याआधी चिकटपट्टी लावावी.